वाळवंटातील सेवेकरी श्रीगाडगेबाबा

आषाढीची एकादशी झाली, द्वादशीला पारणे सुटले, पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला, की दिंड्या परतीच्या वाटेला लागतात. घरची ओढ सगळ्यांनाच. पेरलेले शेत डोळ्यांपुढे दिसत असते, गाईवासरे आठवत असतात. चंद्रभागेच्या वाळवंटात आपण मागे काय टाकून आलो हे वळून पाहणारा वारकरी विरळा. उष्ट्या पत्रावळी, चुलींची राख, फाटक्या चिंध्या, केळीची साले, आणि ज्याचे नाव या पानांवर घेणे बरे दिसणार नाही असे आम्हांस वाटते, तेही. ज्या पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे, त्याला मात्र ते नाव घेण्याची लाज वाटत नसे आणि ते उचलण्याचीही वाटत नसे. लाखो माणसे महाद्वाराकडे तोंड करून उभी असत, तेव्हा हा पाठमोरा होऊन खराट्याने वाळवंट झाडीत असे. आषाढीला यावे, कार्तिकीला यावे, वाळवंट झाडावे, रात्री कीर्तन करावे, आणि देवळात पाऊलही न टाकता निघून जावे, हा त्याचा नेम.

म्हणूनच गाडगेबाबा वारकरी होते की नव्हते, हा वाद आमच्या फडांतून अजून अधूनमधून निघतो. वारी चुकवली नाही म्हणून वारकरी म्हणावे, तर विठ्ठलाचे दर्शन घेतले नाही. तुकोबांना आपले गुरू मानीत म्हणून आपला म्हणावे, तर नवससायासांची, अंगारेधुपाऱ्यांची अशी टवाळी करीत की भाविकांच्या कपाळी आठी पडे. काही जुनी मंडळी तर त्यांना सरळ नास्तिक म्हणत. आमचे मत आम्ही लपवून ठेवीत नाही. पण आधी चरित्र ऐकावे, मग ज्याने त्याने ठरवावे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. जातीने परीट. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. मुलाचे नाव डेबू. वडिलांना दारूचे व्यसन लागले आणि त्यातच घरदार, शेतीभाती आणि शेवटी त्यांचा देहही गेला. लेकराला पोटाशी धरून सखूबाई माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी आली. आजोळी भाकरी होती, पण फुकटची नव्हती. डेबू गुरे राखू लागला. गुरांबरोबर रानात जायचे, नदीत पोहायचे, संध्याकाळी गोठा झाडायचा. भजनाची गोडी लागली ती गुराख्यांच्या पोरांत बसून. पुढे मोठमोठ्या इमारती उभ्या करणाऱ्या या माणसाने शाळेची पायरी कधी चढली नाही.

शाळा नसली म्हणजे काय होते याचा धडा मात्र घरातच मिळाला. मामा चंद्रभानजी भोळा माणूस. एका सावकाराकडून कर्ज घेतले, फेडीत गेला, पण कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. सावकार सांगेल तेथे अंगठा. एके दिवशी कळले की पिकते शेत सावकाराच्या नावे झाले आहे. मामाने हाय खाल्ली आणि त्यातच तो वारला. डेबूजी तोवर नांगरापाठीमागे चालणारा धट्टाकट्टा जवान झाला होता. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा त्याने त्यांना बांधावरून परत पाठविले, असे चरित्रकार सांगतात. पुढे आयुष्यभर बाबा कीर्तनात दोन गोष्टी ठासून सांगत. कर्ज काढू नका आणि पोरांना शाळेत घाला. जेवणाचे ताट मोडावे, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला कमी भावाचे लुगडे घ्यावे, पण पोराला शिकवल्यावाचून राहू नये, असा त्यांचा हिशेब असे. हा हिशेब पोथीतून आलेला नव्हता. मामाच्या अंगठ्यातून आला होता.

१८९२ साली डेबूजीचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे बकरे आणि दारू हवी होती. डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण घातले, लाडू वाढले. भाऊबंद रुसले. ताटावरून उठण्याचीही भाषा झाली. ज्या दारूने बाप नेला ती आपल्या लेकीच्या बारशाला आपण वाढणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. शेवटी लाडू खाऊनच पंगत उठली. लाडू पुढ्यात असताना माणूस फार वेळ रुसून राहू शकत नाही, हा आमचाही अनुभव आहे.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजी घर सोडून निघाला. घरी म्हातारी आई, बायको, लेकरे. संसार सोडून जाणे चांगले की वाईट, यावर आमच्या संप्रदायाचे मत सर्वांना ठाऊक आहे. वारकरी प्रपंचात राहून परमार्थ करतो, तो गोसावी होत नाही. तेव्हा कुंताबाईंच्या बाजूने पाहिले तर ही पहाट काही गोड नव्हती, हे आम्ही स्पष्ट लिहितो. पुढे ही माउली ऋणमोचनला झोपडीत राहिली. नवऱ्याच्या शब्दावर लाखोंच्या धर्मशाळा उभ्या राहत होत्या आणि ती मात्र कष्ट करून खात होती. बाबांच्या चरित्रात तिचे नाव दोन ओळींत उरकतात. ते दोन ओळींत उरकण्याजोगे नाही.

अंगावर चिंध्या जोडून केलेले पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे. तेच डोक्यावर टोपीसारखे घालायचे, तेच पुढे करून भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचे. यावरून नाव पडले गाडगेबाबा. कुठे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, कुठे चिंधेबुवा. बारा वर्षे हा माणूस असा गावोगाव हिंडला. गावात शिरायचे आणि कुणी न सांगता रस्ता झाडू लागायचे, नाली मोकळी करायची, कुणाचे लाकूड फोडून द्यायचे, बांधावर दिसलेल्या शेतकऱ्याच्या कामाला हात लावायचा. मग भाकरी मागायची. काम आधी, भाकरी मागून. पंचपक्वान्नांचे ताट पुढे आले तर ते दुसऱ्या भुकेल्याकडे सरकवून आपण चटणीभाकरी घ्यायची. पाया पडायला कुणी वाकला तर तेथून पळ काढायचा. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत बजावून सांगितले. त्यामुळे बाबांच्या गादीसाठी भांडणे झाली नाहीत. गादीच नव्हती. वाचकहो, या एका गोष्टीसाठी तरी त्यांना हात जोडावेत.

ऋणमोचन हे पूर्णा नदीच्या काठचे क्षेत्र. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. काठ चिकणमातीचा. स्नान करून वर येताना म्हाताऱ्या बायका घसरून पडायच्या, पुण्य पदरात पडायच्या आधी कंबर मोडायची. बाबांनी कुदळ घेतली आणि काठाला पायऱ्या खोदायला सुरुवात केली. आज एक माणूस पाटी उचलतो, उद्या चार, पुढे गावच्या गाव. बघता बघता दगडी घाट उभा राहिला. बाबांची रीत हीच. व्याख्यान द्यायचे नाही, पाटी उचलायची. पाहणाऱ्याला लाज वाटली की तोही उचलतो. त्याच ऋणमोचनच्या यात्रेत पुढे आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना बसवून जेवू घालण्याचा आणि वस्त्रे वाटण्याचा प्रघात त्यांनी पाडला.

आता कीर्तनाविषयी. आमच्या वारकरी कीर्तनाची एक ठरलेली बैठक आहे. मागे टाळकरी, बाजूला मृदंग, निरूपणाला एक अभंग, अंगावर उपरणे, गळ्यात वीणा. बाबांच्या कीर्तनात यातले फारसे काही नसे. गोपाळाच्या नावाचा गजर सुरू करायचा, हजारो माणसे त्यात ओढायची, आणि मग मध्येच थांबून प्रश्न विचारायचा. भाषा अस्सल वऱ्हाडी. प्रश्न असा की लहान पोरानेही उत्तर द्यावे. सारी सभा एका तोंडाने होय म्हणे, नाही म्हणे, आणि म्हणता म्हणता आपल्याच उत्तरात सापडे. मग हशा पिके. हसणारा स्वतःलाच हसलेला असे, पण ते त्याला घरी गेल्यावर कळे.

सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद खाल्ल्याबरोबर बुडालेली नौका वर येते. बाबा लोकांना विचारीत, की मागच्या महायुद्धात इंग्रजांची इतकी जहाजे समुद्रात बुडाली, तर सव्वा रुपयात सत्यनारायण घालून ती वर का काढीत नाहीत? सभा हसून लोटपोट होई. दुसरी एक गोष्ट सांगतात. नदीकाठी मंडळी पितरांना ओंजळीने पाणी देत होती. बाबा शेजारी उभे राहून काठाकडे पाणी उडवू लागले. काय चालले आहे म्हणून कुणी विचारले, तर म्हणाले की वऱ्हाडातल्या आपल्या शेताला पाणी देतो आहे. इथले पाणी वऱ्हाडात कसे पोचेल, असे तो हसून म्हणाला. तुमचे पाणी थेट स्वर्गात पोचते, मग माझे वऱ्हाडापर्यंत का पोचू नये, असे बाबांनी भोळेपणाने विचारले आणि पुन्हा पाणी उडवू लागले. अशीच गोष्ट गुरू नानकांच्याही नावावर सांगितली जाते. तेव्हा कुणी म्हणेल, खरी कुणाची? दोघांचा स्वभाव मात्र या गोष्टीत नेमका दिसतो.

आणखी एक प्रकार अनेक गावी घडला. गाडगेबाबांचे कीर्तन आहे म्हणून मंडप घातलेला, गॅसबत्त्या लावलेल्या, प्रतिष्ठित मंडळी हार घेऊन वेशीवर उभी. इकडे एक चिंध्यांतला माणूस मंडपाभोवती झाडतो आहे. कुणी त्याला दरडावतो, बाजूला हो, महाराज यायची वेळ झाली. तो बाजूला होतो आणि दुसरा कोपरा झाडायला घेतो. वेळ टळते, मंडळी घामाघूम होतात, आणि तोच झाडूवाला कीर्तनाला उभा राहतो. हार आणणाऱ्यांची तोंडे त्या वेळी पाहण्यासारखी होत असतील. हार तरी कुठे घालून घेत होते ते! आणि बिदागी? हल्ली आमच्यात आधी बिदागी ठरते आणि मग अभंग ठरतो, असे तिरकस बोलणारी मंडळी आहेत. ती अगदीच खोटे बोलतात असे म्हणवत नाही. बाबांच्या कीर्तनाची बिदागी म्हणजे गावाने स्वच्छता करावी, बकरा कापणे बंद करावे, दारूचा गुत्ता उठवावा. ही बिदागी देणे जड जाई. पाकीट पुष्कळ सोपे.

१९२३ साली एकुलता एक मुलगा गोविंदा कुत्रे चावून मरण पावला. बाबा त्या वेळी कोकणात कीर्तनात होते. निरोप आला. तो ऐकून घेतला आणि कीर्तन पुढे चालू ठेवले, असे सर्व चरित्रकार लिहितात. कुणी याला वैराग्य म्हणतो, कुणी कठोरपणा. आम्हांस इतकेच दिसते, की त्या रात्री समोर बसलेल्यांत अशी पुष्कळ माणसे असतील की ज्यांची लेकरे औषधावाचून गेली होती आणि ज्यांच्यासाठी कुणी कीर्तन थांबवले नव्हते.

पंढरपुरातल्या कामाकडे येऊ. आज मंदिरात कुणालाही अडवीत नाहीत, म्हणून जुन्या दिवसांची आठवण तरुण वारकऱ्यांना नसते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कुठे अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांना पांडुरंगाचे दार उघडले. त्याआधी त्यांची वारी चोखोबांच्या समाधीपाशी संपे. शेकडो मैल चालून यायचे, पायरीवर डोके टेकवायचे आणि कळसाकडे पाहून परतायचे. दर्शनाचे असे, तर मुक्कामाचे काय? धर्मशाळा जातीजातींच्या. मठ परंपरेचे. यांना पडवीतही कुणी घेत नसे. आषाढ म्हणजे पावसाचे दिवस. भिजलेल्या घोंगडीत लेकरे गुंडाळून ही माणसे वाळवंटात नाहीतर झाडाखाली रात्र काढीत. नदीला पाणी चढले की रात्रीच पळापळ. मुखाने मात्र तेच नाम, जे माडीवर निजलेल्या वारकऱ्याच्या मुखात.

बाबा वाळवंट झाडीत, त्यामुळे हे त्यांना दिसले. महाद्वाराकडे तोंड असते तर कदाचित दिसले नसते. मंदिर उघडण्याच्या पाव शतकाहून अधिक आधी त्यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. ओल्या जागेत नव्हे, पक्क्या दगडी इमारतीत या वारकऱ्यांना पाठ टेकायला जागा झाली. नंतर मराठा धर्मशाळा झाली, देहू-आळंदीस झाल्या, नाशिकला गोदावरीकाठी मोठी धर्मशाळा आणि सदावर्त सुरू झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात आलेल्या रोग्यांचे नातेवाईक फुटपाथवर दगडांच्या चुली मांडून राहत, त्यांच्यासाठीही बाबांनी निवारा उभारला. पैसा लोक देत. बाबा त्याला शिवत नसत. व्यवहार विश्वस्तांकडे, हिशेब पै-पैचा, आणि त्यावर बाबांची नजर अशी, की वाचता न येणाऱ्या या माणसापुढे हिशेब ठेवताना वाचता येणाऱ्यांना घाम फुटे. विश्वस्तपत्रांत एक अट कटाक्षाने घातलेली: आपल्या नातेवाइकांचा या इमारतींवर कसलाही हक्क नाही.

१९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. हयातभर घाम गाळून उभी केलेली वास्तू देऊन टाकायची आणि वर तिचा वापरही बदलू द्यायचा, हे साधे नाही. मंदिर उघडल्यावर वारकऱ्याला वेगळ्या धर्मशाळेची गरज उरू नये आणि पोरांना शिकायला जागा मिळावी, असा यातला विचार आम्हांस दिसतो. शिक्षणाचे हेच वेड कर्मवीर भाऊराव पाटलांना होते. १९५४ साली कऱ्हाडला त्यांनी महाविद्यालय काढले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे. कधी शाळेत न गेलेल्या माणसाच्या नावाचे महाविद्यालय! २००५ पासून अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. बाबा आज असते तर त्यांनी दारावरचा फलक वाचला नसता, अंगण झाडायला घेतले असते.

आता तो पहिला वाद. देव दगडात नाही, तीर्थात पैसे नाचतात, असे सांगणारा माणूस वारकऱ्यांचा कसा? आमचे म्हणणे असे, की साधू कुणाला म्हणावे हे तुकोबांनी सांगून ठेवलेले आहे आणि त्यात देवळात जाण्याची अट कुठे दिसत नाही. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ती कथा आपण दर षष्ठीला डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. तीच गोष्ट जिवंत माणसाने समोर केली की आपल्याला पाखंड वाटू लागते. तरीही एवढे खरे, की बाबा मूर्तीबद्दल जे बोलत ते प्रत्येक वारकऱ्याला पटणार नाही आणि पटलेच पाहिजे असेही नाही. विटेवरच्या सावळ्या रूपाने ज्यांचा जीव निवतो त्यांत आम्हीही आहोत. बाबांनी कुणाला वारी सोडायला सांगितले नाही. कर्ज काढून वारी करू नये, आणि पंढरीत आल्यावर घाण करू नये, हे सांगितले. याला त्यांची माणसे रोकडा धर्म म्हणतात. उधारीचा नव्हे, म्हणजे या जन्मी देऊन पुढच्या जन्मी वसूल करायचा नव्हे.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली, म्हणजे धर्मशाळा, आश्रमशाळा, गोरक्षण यांची व्यवस्था मागे नीट चालावी. त्याच साली प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचे चरित्र लिहिले. देवळे आणि भटभिक्षुकी यांच्यावर आयुष्यभर आसूड ओढणारा लेखक आणि हा कीर्तनकार यांचे कसे जमले याचे काहींना नवल वाटते. वाचून पाहावे म्हणजे वाटणार नाही.

१९५६ साली प्रकृती खालावली होती, पण फिरणे थांबेना. ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरच्या मध्यरात्री, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच बाबांनी देह ठेवला. जन्मभर रस्त्यावर राहिलेला माणूस रस्त्यावरच गेला. समाधी अमरावतीस आहे.

वांद्र्याच्या त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले होते आणि ते आजही ऐकावयास मिळते. आवाज थकलेला आहे, तरी प्रश्न तसेच. जवळ ऐकण्याची सोय असेल त्यांनी घरातल्या मुलांना जवळ बसवून ते अवश्य ऐकवावे. वऱ्हाडी बोली कानाला नवी असेल तर पहिली दहा मिनिटे जरा नेट धरावा लागेल. मग सगळे कळते. पोलीस मंडळींचे हसणेही त्यात ऐकू येते.